एकाच मापाच्या खाचा

“वास, वास! आल्यापासून तेच. अगरबत्ती हाय ती, ताई,” जीपचा ड्रायव्हर धुळाजी पुटपुटला. जीपच्या डॅशबोर्डखाली मी उताणी पडले होते, त्याचं डोकं माझ्या कानाशी. लाइट मीच चालू ठेवायला लावले होते. अगरबत्ती विझून तास झाला होता आणि जळका वास वाढतच होता.

डॅशबोर्डखालचे हे फ्यूजचे डबे माझ्या डोक्यातले. वायरींचं जंजाळ नको म्हणून लाइटचा एक डबा, पंख्याचा एक, हॉर्नचा एक. बिघडला की उपटायचा, दुसरा खोचायचा. ड्रायव्हरला रस्त्यात कुठंही जमावं म्हणून खाचा एकाच मापाच्या. दहावी नापास, बाकी भंगारातल्या गाड्या उसवून शिकलेली बाई मी. या खाचांचं मला फार कौतुक. जाफराबादपासून वाटूरपर्यंत सतरा जीपांत बसवले.

लाइटचा डबा ओढला. हातात आला तो पंख्याचा.

“हा इथं कसा?”

“मोठे लाइट टाकले ना मी, फ्यूज सारखा उडायचा. मंग ह्यो घातला. बसला की बराबर! महिना झाला, एकदाबी उडला न्हाई.”

उडेल कसा? या डब्यात फ्यूज तीस अँपिअरचा, लाइटची वायर दहाच अँपिअर सोसणारी. फ्यूज शाबूत राहतो आणि वायर भाजते. तिला बोट लावलं, तर वरचं प्लास्टिक बोटाला चिकटून आलं.

माझी धाकटी जाऊ शालू जीपशेजारी वायरींच्या टोकांना टर्मिनल दाबत बसली होती. तिची पक्कड थांबली.

“रामप्रसादनंबी असंच केलंय,” धुळाजी हळूच म्हणाला. “त्याच्याबी गाडीत वास येऊन राह्यलाय. सगळेच अगरबत्ती लावतेत. तुम्ही एवढं हातानं केलेलं, कोण बोलणार?”

बाहेर शाळा सुटली होती. नऊ पोरी दप्तरं मांडीवर घेऊन जीपमध्ये मागं दाटीनं बसल्या. हिवाळ्याचे दिवस, गाव येईस्तोवर अंधार, म्हणजे लाइट लागणारच.

“निघू का?” धुळाजीनं विचारलं. “उद्या सवडीनं बघा.”

मी डबा हातात फिरवत राहिले. चूक त्याची म्हणून सांगायचं वाक्य तोंडात तयार होतं.

शालू उठली. “ताई, त्याचं न्हाई चुकलं. खाचा सारख्या केल्या तुम्ही, तिथं चुकलं. पोरींनो, उतरा गं खाली. ही गाडी पेटणार हाय.”