दोन पितळी चकत्या

जरा पुढं सरका, माउली. मागं बसलात तर निम्मे शब्द वारा नेईल. सोनईच्या पंकजाची गोष्ट सांगायची आहे, तिच्या एका सकाळची —

चकती केवढी, तर शर्टाच्या गुंडीएवढी. पितळेची, मधोमध बारीक भोक. अशा दोन चकत्या पंकजाच्या तळहातावर होत्या, ऑईलनं चिकट, नवऱ्याच्या, कल्याणच्या, खिशातून नुकत्याच निघालेल्या... आणि त्यांची जागा होती बॅकहोच्या, म्हणजे खोदाईच्या मशीनच्या पाईपांत. त्या भोकांतून ऑईल अडखळत जायचं, म्हणून मशीनचा लांब हात सावकाश वळायचा.

आज तो सावकाश वळला नव्हता. मशीनवर बसून तिनं दांड्याला नेहमीसारखा नुसता हात लावला, आणि चाबूक फिरावा तसा तो फिरला — चारीत फावडं घेऊन उभ्या असलेल्या भागिरथीबाईंचा पदर बकेटच्या दातांनी फाडला. वीतभर पलीकडं डोकं होतं.

"काढल्या कधी?"

"काल," कल्याण म्हणाला. "छगनचा पाया खांदायचा हुता. तो समद्यांम्होरं म्हनला, मशीनबी बायको सांगंल त्याच चालीनं चालतंय का रं? लई हसली मानसं."

"मग?"

"मग काय... काढल्या. सकाळी बसवनारच हुतो. ध्यानातून गेलं."

ध्यानातून. छगनचं हसणं तेवढं याच्या ध्यानात राहिलं, चारीत उभी राहणारी बाई नाही. राहात्याच्या मिस्त्रीनं चकत्या बसवताना म्हटलं होतं, "वहिनींच्या हाताला झेपेल असं करून देतो" — तेव्हाही ती धुमसली होती, कारण हात कुणाचाही असो, ते मशीन पिसाटासारखंच फिरायचं. कल्याणनंच गोठ्याची भिंत पाडली होती की. तेव्हा कुणी म्हणालं नाही, पुरुषाच्या हाताला झेपलं नाही म्हणून. आणि हाच माणूस कीर्तनात पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा राहतो, बुवांनी लय संथ धरली की डोळे मिटून डोलतो... देवासमोर संथ चालतं. छगनसमोर चालत नाही.

"पदरच फाटलाय, पोरी," चारीतून भागिरथीबाई म्हणाल्या. "चालू कर. ऊन चढायच्या आत उरकू."

त्या बोलण्यानं तर तिचं डोकं आणखीच तापलं — बाईनं स्वतःची किंमत एवढी स्वस्त का करावी?

"न्हाई मावशी. वर या तुमी आधी."

"आन हिकडं," कल्याणनं हात पुढं केला. "पाना हाय. आत्ता बसवतो."

पंकजानं मूठ मिटली. एरवी तिचा राग भडकायचा, दोन शब्द तोडून बोलायचा, रडून मोकळा व्हायचा, आणि संध्याकाळी भाकरी थापताना त्याचा मागमूस नसायचा. आज तो तसा सुटला नाही. आज तो जड होता, शांत होता, ती नेईल तिथवर जाणार होता आणि ती थांबवील तिथंच थांबणार होता... कुठवर न्यायचा, हे मात्र तिलाच ठाऊक नव्हतं. कल्याणचा हात तसाच पुढं राहिला. मूठ उघडली नाही.

त्या दोघांचं काय व्हायचं ते होवो, माउली. तुम्ही आज देवापुढं हात जोडाल तेव्हा भागिरथीबाईंची आठवण ठेवा. त्या बांधावर येऊन बसल्या, फाटका पदर गुडघ्यावर पसरून हसल्या, आणि मग कुठं त्यांचे हात कापायला लागले.