फुल्वियाची शपथ

फुल्वियाने माझा केसाने गळा कापला. तोही भर कोर्टात, न्यायाधीशांसमोर उभं राहून.

आम्ही दोघी प्राध्यापिका. मी स्लोव्हेनियातल्या नोव्हा गोरित्साची, ती चौक ओलांडला की लागणाऱ्या इटलीतल्या गोरित्सियाची. युरोपातल्या कुठल्या देशाचं दिवाणी कोर्ट कसला पुरावा मानतं, यावर आम्ही मिळून जाडजूड पुस्तक लिहिलं. स्लोव्हेनियाचा भाग माझा, इटलीचा तिचा. भांडलो किती, हसलो किती, देवाला ठाऊक!

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी ल्युब्लियानाला गेले. आजोबांच्या मधपेट्या फुल्वियाच्या बागेत ठेवल्या. पेट्यांच्या दर्शनी फळ्या आजोबांनी स्वतः रंगवलेल्या. आमच्या भाषेत जनावर मरतं, पण मधमाशी माणसासारखी वारते. असल्या पेट्या कोणी देऊन टाकतं का? "आई आहे तोवर सांभाळ गं," एवढंच मी फुल्वियाला म्हणाले. साक्षीला फक्त आम्ही दोघी.

आई गेली. मी परत आले तर बाईसाहेबांचा सूरच बदललेला. संग्रहालयवाले फळ्या बघून, किंमत सांगून गेले होते.

"ब्रेदा, तू मला त्या भेट दिल्या होत्यास."

"शुद्धीवर आहेस ना?"

शेवटी गोरित्सियाच्या कोर्टात गेले. खटला आमच्या स्लोव्हेनियात असता तर न्यायाधीशांनी दोघींना बोलावून ऐकलं असतं, उलटसुलट विचारलं असतं आणि जी पटेल तिचं खरं धरलं असतं. इटलीत तुमच्या फायद्याचं तुमच्याच तोंडून आलेलं कोणी धरत नाही. एकच जुनी वाट उरते. समोरच्याला शपथ घालायची. त्याने घ्यायला नकार दिला तर तो हरला. घेतली तर जिंकला, मग ती धडधडीत खोटी का असेना. किंवा त्याने शपथ तुमच्यावरच उलटवायची; मग तुम्ही घेतली की तुम्ही जिंकलात.

माझे वकील डोक्याला हात लावून बसले. "बाई, हा जुगार आहे."

"तुम्ही फुल्वियाला ओळखत नाही. ती खोटी शपथ घ्यायची नाही. फार तर माझ्यावर उलटवेल."

मूर्ख मी! इतका विश्वास मी नवऱ्यावरही टाकला नसता.

त्या दिवशी ती निळा कोट घालून आली. न्यायाधीशांनी मजकूर वाचून दाखवला. ती उठली. माझ्याकडे बघितलंही नाही. "जबाबदारीची जाणीव ठेवून शपथ घेते, की ब्रेदाने या पेट्या मला भेट दिल्या." आवाज कापला नाही, जीभ अडखळली नाही.

वकील हळूच म्हणाले, "खोट्या शपथेची फौजदारी करता येईल."

"पेट्या मिळतील?"

"नाही. शपथ झाली, खटला संपला."

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले.

"अगं, निदान माझ्यावर उलटवायचीस! इटलीचा भाग तूच लिहिलायस ना? मी शपथ घेतली असती, तुला खोटं बोलावं लागलं नसतं."

तिने कोटाचं बटण लावलं.

"तू खरं तेच सांगितलं असतंस, ब्रेदा. म्हणून तर उलटवली नाही."