आठ दिवसांचा कचरा

त्या राखीबेनचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. उगाच खोटं कशाला बोलू? फार गोड बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, आणि ही बाई तर चौथीच्या पोरांना 'बाळांनो' म्हणायची. लिंबायतच्या आमच्या शाळेत मास्तर-बेन मंडळी कुणाला बाळ म्हणतात, हे मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

एका दुपारी माझी चैताली शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकताच म्हणाली, "मम्मी, आठ दिवस घरातला कचरा वहीत लिहायचाय. रोज काय काय फेकलं ते. मग राखीबेन सांगणार, त्यातलं काय परत वापरता येतं."

"सगळा कचरा?"

"सगळा. खोटं नाही लिहायचं म्हणाल्या."

आमच्याकडे साडी विरली की पडदा होते आणि पडदा फाटला की फरशीचं फडकं. मला परत वापरायचं कोण शिकवणार? पण भीती वेगळीच होती. माझा नवरा हेमराज कापडाच्या लूम्सवर रातपाळी करतो. सकाळी घरी येतो तो खिशात पोटली घेऊन. पोटली म्हणजे दारूची प्लास्टिकची पिशवी. गुजरातेत दारूबंदी, म्हणून ती अशी लपतछपत पिशवीतून मिळते. पितो आणि झोपतो. मारत नाही, भांडत नाही, तेवढं खरं सांगते. पण पकडला गेला तर आत जाईल, काम जाईल, आणि खोलीमालक आम्हाला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काढेल.

म्हणून तीन वर्षं मी त्या रिकाम्या पोटल्या दुधाच्या पिशवीत कोंबत होते, ती पिशवी भाजीच्या देठांत लपवत होते, आणि कचऱ्याची गाडी आली की स्वतःच्या हाताने आत टाकत होते. आणि आता ही नवी बाई म्हणते, लिहून आणा!

शेजारच्या कलाबाईचा नातू त्याच वर्गात. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी विषय काढला तर म्हणाली, "तिले काय करनं शे आपला कचरानं? पोलीसनी बाई दिखस ती मले." झालं! माझ्या मनातलंच ती बोलली. तिच्या घरातून काय निघतं ते मी विचारलं नाही, आणि तिनेही माझं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडीचं गाणं वाजलं की बायका पिशव्यांना दोन-दोन गाठी मारून बाहेर यायच्या. कुणी कुणाच्या पिशवीकडे बघत नव्हतं, आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच होतं.

चैतालीला मी दार लावून दम दिला. "पप्पांच्या पिशवीचं एक अक्षर लिहिलंस तर याद राख. पोलीस घेऊन जातील त्यांना."

"मग काय लिहू?"

"लिही काहीतरी. माझं डोकं नको खाऊस."

ती मान हलवून गेली. पण नंतर पोरगी बदललीच. शाळा सुटते साडेबाराला आणि ही घरी येते एकला. दप्तराला मुंग्या लागायला लागल्या. हात चिकट, फ्रॉकला कसले तरी पिवळे डाग.

"बेनने काही खायला दिलं का तुला?"

"नाही."

"मग काय विचारलं? खरं सांग."

"काही नाही विचारलं गं!"

दप्तर उलटंपालटं केलं, वही काही सापडली नाही. वही म्हणे बेनकडेच असते. मग तर माझी खात्रीच पटली. गोडधोड चारून ही बाई माझ्या लेकीच्या पोटात शिरतेय, आणि एक दिवस दारात खाकी कपडे उभे राहतील.

सहाव्या दिवशी चिठ्ठी आली, पालकांनी भेटून जावे. हेमराज भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याला उठवलं नाही. पदर खोचला, चैतालीला बरोबर घेतलं आणि निघाले. वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं: आमच्या घरात डोकवायचा तुला हक्क कुणी दिला, इथपासून सुरुवात करायची.

वर्गात खिडकीला दोरी बांधून धुतलेल्या दुधाच्या पिशव्या टांगल्या होत्या. काहींत माती भरून तुळशीची रोपं लावली होती. मी आधी काय बघितलं असेल? त्यात एखादी आमच्या ओळखीची पिशवी तर नाही ना!

राखीबेन माझ्याहून लहान निघाली. उठून खुर्ची दिली. "या नूतनबेन, बसा. चैतालीची वही बघितलीत का?"

चैताली दारातच उभी राहिली. मी वही हिसकावल्यासारखीच घेतली. पोरीचं अक्षर गोल आणि सुरेख होतं. सोमवार, डाळिंबाची सालं, मोसंबीची सालं. मंगळवार, सफरचंदाची सालं. बुधवार, अननसाची सालं.

अननस! माझ्या घरात आजवर अननस आलेलं नाही. ते कापतात कसं तेसुद्धा मला ठाऊक नाही.

"आणि नुसतं लिहीत नाही, सालं घेऊनही येते," राखीबेन कोपऱ्यातली बादली दाखवत म्हणाली. "आमच्या खतात सगळ्यात जास्त सालं तिचीच आहेत."

शाळेच्या रस्त्यावर एक ज्यूसवाला गाडी लावतो. गाडीखाली सालांची टोपली असते. मला सगळं कळलं. माझी पोरगी उन्हात त्या गाडीखाली वाकून दुसऱ्याचा कचरा वेचत होती आणि आमचा म्हणून दाखवत होती, खोटं धरलं जाऊ नये म्हणून. हे मी तिला शिकवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

राखीबेनने आवाज खाली आणला. "एक विचारू? राग मानू नका. आपल्या घरांमध्ये रोज फळं येतात ती कुणी आजारी असलं तरच. म्हणून चैतालीला विचारलं, तर म्हणाली, पप्पा आजारी आहेत. काय झालंय म्हटलं तर गप्प. सरकारी दवाखान्यात माझी ओळख आहे, म्हणून तुम्हाला बोलावलं."

हा सापळा असेल का? मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. काही सापडलं नाही, पण संशयही जाईना. दारातून चैताली मला मान हलवून नको, नको म्हणत होती. कावीळ म्हटलं असतं तरी भागलं असतं. कावीळ माझ्या जिभेवर आलीही होती. पण मग ही पोर उद्या कावीळ बरी करायला कुठून काय वेचून आणणार, कोण जाणे.

"पितात," मी म्हणाले. "तोच आजार. तीन वर्षं झाली. फळंबिळं काही येत नाहीत आमच्या घरी."

राखीबेन काही बोलायच्या आत चैताली किंचाळत आली आणि मला बिलगली. "मम्मी, मी नव्हतं लिहिलं! मी एक पण दिवस नव्हतं लिहिलं! बेन, पोलीसला नका ना सांगू!"

"नाही लिहिलंस गं राणी. मी सांगितलं. मीच सांगितलं."

पण ती ऐकेचना. माझ्या हातातून तिने वही ओढून घेतली आणि रडत रडत एकेक पान उलटून मला दाखवायला लागली. "हे बघ, डाळिंब. हे बघ, मोसंबी. पप्पांचं कुठेच नाही. बघ ना मम्मी, कुठेच नाही."