मावसभावाचा खुलासा

ही गोष्ट आजवर सतरा जणांनी ऐकली आणि सतराच्या सतरा जणांनी तोंडावर सांगितलं की असं घडूच शकत नाही. तुम्हीही सांगाल. खुशाल सांगा, पण शेवटी. रवींद्र, तो पंखा जरा इकडे वळव. आणि नंदा, तू बस इथे, हरकत नाही, पण चहा गाळता गाळता मध्ये बोलायचं नाही. बायकोने तोडली की नवऱ्याच्या गोष्टीला चव राहत नाही.

तर सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधली एक जुनी इमारत, नववा मजला. तिथे प्रबोध नावाचा इंजिनिअर राहायचा, आणि राहत नसायचा. सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत जायचा आणि संध्याकाळी परत यायचा तो ऋचाच्या फ्लॅटवर. ऋचा जवळच्याच एका ऑफिसात अकाउंटंट. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, कारण प्रबोधचं आधीच झालेलं होतं. बायको सहा वर्षं नाशिकला माहेरी. घटस्फोट तिलाही हवा होता, ह्यालाही हवा होता, फक्त पुण्यातला फ्लॅट कुणी घ्यायचा ते ठरत नव्हतं. म्हणून खटला चालू.

वकिलाने प्रबोधला बजावलं होतं, "निकाल लागेपर्यंत त्या बाईंबरोबर राहता असं दाखवणारा एक चिटोरासुद्धा कुणाच्या हाती लागता कामा नये."

आता प्रबोधचं रिफायनरीतलं कामच मुळी गळती शोधून बंद करायचं. तो कामाला लागला. भाडेकरार एकट्या ऋचाच्या नावावर. स्वतःचं सगळं टपाल त्याने बुकित बातोकला, चारुदत्त नावाच्या मित्राच्या पत्त्यावर वळवलं. चपला दाराबाहेर नाहीत, आत कपाटात. सेंटोसाला फिरायला गेले की आधी तिने त्याचा फोटो काढायचा, मग त्याने तिचा. तोच बाक, तेच झाड, मागे तेच जहाज, पण एका चौकटीत दोघं म्हणून सापडायची नाहीत.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी काका-काकू राहत. त्यातले काका म्हणजे काय सांगू! करारी, मनाने मोठे, दिसायलाही बरे. नाव कशाला घ्या. त्यांनी पहिल्याच रविवारी ऋचाला विचारलं, "हे कोण?"

ऋचाच्या तोंडून निघून गेलं, "मावसभाऊ."

परदेशात एखाद्या मुलीला सख्खा म्हणावा असा मावसभाऊ आहे हे कळल्यावर शेजारची मराठी माणसं स्वस्थ बसतात होय? दिवाळी आली. काकूंनी पाट मांडला, रांगोळी घातली, ऋचाच्या हातात तबक दिलं. तिने प्रबोधला कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. काकांनी फोटो काढला. पुढच्या वर्षी पुन्हा पाट, पुन्हा फोटो. तिसऱ्या वर्षीचा फोटो तर तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आला, खाली ओळ होती, ‘सातासमुद्रापलीकडची भाऊबीज’. प्रबोधने तो अंक ऑफिसातल्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

मग आलं दोन हजार सहा साल. ऋचाने कॅनडाला कायमचं जाण्यासाठी अर्ज केला. शिक्षण, नोकरी, इंग्रजी, सगळ्यात ती पास. शिवाय तिथे अशी सोय की लग्नाचा नवरा नसला तरी वर्षभर एका घरात जोडप्यासारखा राहिलेला माणूस बरोबर नेता येतो. त्याला ते कॉमन-लॉ पार्टनर म्हणतात. फक्त पुरावे द्यायचे. ऋचा यादी वाचायला लागली.

"दोघांच्या नावावर भाडेकरार."

"नाही."

"एकाच पत्त्यावर आलेली पत्रं."

"माझी चारुदत्तकडे येतात."

ऋचाने यादी खाली ठेवली. "तीन वर्षं आपण केलं काय रे?"

"आपण फार चांगलं काम केलं," प्रबोध म्हणाला.

दोघं एकत्र असलेले फोटो अख्ख्या जगात तीनच. ऋचा म्हणाली, तेच जोडू. कॅनडात कुणाला कळतंय? दिवा आहे, कुंकू आहे, पाट आहे.

"पाटावर मी एकटाच आहे, ऋचा."

"पण चेहरा नवऱ्यासारखा आहे ना? पडलेला. चालेल."

फोटो गेले. आणि कॅनडाच्या कचेरीत ती फाइल ज्या बाईंच्या टेबलावर पोचली, त्या बाई मूळच्या डोंबिवलीच्या. हसू नका, आधीच सांगितलं होतं. चार महिन्यांनी पत्र आलं. छायाचित्र क्रमांक एक ते तीनमधला विधी बहिणीने भावासाठी करायचा असतो हे आम्हांस ज्ञात आहे. तरी हा विधी ज्यांच्या घरी झाला त्यांनी, आपण जोडपे म्हणून एकत्र राहत असल्याचे शपथेवर लिहून द्यावे. मुदत तीस दिवस. अन्यथा श्री. प्रबोध यांचे नाव अर्जातून वगळण्यात येईल.

"नाव वगळलं तर?" प्रबोधने विचारलं.

ऋचाने उत्तर द्यायच्या आधी भाजीखालचा गॅस बंद केला. "तर मी जाईन. तीन वर्षं मी तुझ्या निकालाची वाट बघतेय प्रबोध, आणि तो निकाल माझा नाहीसुद्धा."

म्हणजे झालं काय, की प्रबोधची सगळी पुढची जिंदगी समोरच्या काकांच्या एका सहीवर येऊन बसली. रिफायनरीत शंभर फुटी मनोऱ्यावर सरसर चढणारा गडी, पण चार पावलांचा कॉरिडॉर ओलांडायला त्याला नऊ दिवस लागले. रोज दारापर्यंत जायचा, काकूंचा टीव्ही ऐकायचा, परत यायचा. काका भडकले तर? मंडळात बोलले तर? मंडळातून नाशिकला बातमी जायला एक फोन पुरे, आणि मग तिकडे खटलाही बसला. दहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्याने बेल दाबली.

काका वर्तमानपत्र वाचत होते. प्रबोध शपथेचा कागद हातात धरून उभ्या उभ्याच म्हणाला, "काका, मी ऋचाचा मावसभाऊ नाही."

काकांनी पानसुद्धा खाली केलं नाही. म्हणाले, "बस. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

प्रबोध खुर्चीच्या कडेवर टेकला. "मग ती भाऊबीज..."

"अरे, खोटं बोलताय तर पुरतं बोलू द्यावं माणसाला. पण बहीण-भाऊ कधी इतकं हळू भांडतात का? भिंतीपलीकडून नुसती कुजबुज! सख्खी भावंडं भांडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. आण तो कागद."

आणि काकांनी तिथल्या तिथे पेन काढलं. सोमवारी शपथ घ्यायला गेले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. शपथ अशा काही आवाजात घेतली की शपथ नोंदवणारा साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला, म्हणाला, सर, असा साक्षीदार वीस वर्षांत पाहिला नाही. बाहेर आल्यावर प्रबोध पाया पडायला वाकला, तर काकांनी त्याला वरच्या वर उचलला आणि म्हणाले...

"अहो, पुरे!"

नंदा, तुला आधीच सांगितलं होतं, की...

"काय वरच्या वर उचलला? पेपर टरकावलात तुम्ही. माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून तीन वर्षं फसवलंस म्हणालात आणि त्या पोराच्या तोंडावर दार लावलंत. ती कुजबुज मला ऐकू यायची, तुम्ही घोरत असायचात. सोमवारी टॅक्सी करून मी गेले. त्या कागदावर सही माझी आहे, आणि ती दोघं गेली ती त्या सहीवर."