मी प्यायलेलं तेल

मी एक जुना दगडी वाडगा आहे. डोंगराच्या पोटात मी किती काळ झोपून होतो ते सोडून द्या. वाडगा म्हणून माझं वय एकवीस. माणसाच्या पोराला या वयात कोणी म्हातारा म्हणत नाही, पण रोज विस्तवावर चढणाऱ्याचं म्हातारपण लवकर येतं.

मित्रांनो, जन्मतः माझ्यात ऐट करण्यासारखं काही नव्हतं. एका पाथरवटाने मला मऊ, राखाडी दगडातून कापलं, चाकावर धरून माझं पोट कोरलं आणि बाजूला ठेवलं. तो दिवसाला बारा वाडगे करायचा आणि एकाकडेही दुसऱ्यांदा वळून बघायचा नाही. मग पेंढा, लाकडी खोका, शेजारी आणखी नऊ भाऊ, आणि कित्येक दिवसांचा अंधार.

खोका उघडला तो ताईने. ती एका हॉटेलात स्वयंपाक करायची आणि ते हॉटेल तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं होतं. दोघं भावंडं तरुणपणी परमुलखात लोकांच्या स्वयंपाकघरांत राबली होती. भाऊ एका जपानी खानावळीत मासे कापायला शिकला, ताई एका कोरियन म्हातारीच्या हाताखाली. परत आल्यावर दोघांनी आपलं कसब एका छपराखाली आणलं. जेमतेम सहा टेबलं. पुढे काचेमागे भाऊ उभा राहायचा: गार भात, कच्चा मासा, लांब सुरी. मागे ताई: जाळ, लाल तिखट, वाफ. दोघांच्या मध्ये भिंतीत एक चौकोनी खिडकी, ताटं सरकवायला आणि एकमेकांना टोमणे मारायला.

"तुझ्याकडे काही शिजत नाही, तरी घाम तुलाच," ताई म्हणायची.

"तुझ्याकडे सगळं करपतं, आणि लोक त्यालाच वा वा करतात," भाऊ म्हणायचा.

ते करपणं म्हणजे माझं काम. मला जाळावर कडकडीत होईस्तोवर तापवायचं, आत भात, वर रंगीत भाज्या, मांस, अंडं. टेबलावर गेलो तरी मी चर्र चर्र बोलत राहायचो. खाणाऱ्याने सगळं कालवायचं आणि शेवटी तळाची खरवड चमच्याने खरवडून काढायची. त्या खरवडीसाठी मोठी माणसं लहान मुलांसारखी भांडलेली मी पाहिली आहेत.

पहिल्या दिवशी ताईने मला मिठाच्या पाण्यात उकळलं, मग तांदळाच्या पेजेत. कोरडं केलं, आणि फडक्याने तिळाचं तेल चोळलं. "पी बाबा, पोटभर पी," ती म्हणाली. "जितकं पिशील तितकी खरवड सुटेल आणि तितका तू टिकशील." रोज रात्री दुकान आवरताना हाच शिरस्ता. गरम पाण्याने धुणं, जाळावर सुकवणं, तेल. मी प्यायलो. एकवीस वर्षं प्यायलो.

एक गोष्ट मात्र सक्त मना होती, ती म्हणजे साबण. एकदा भांडी घासायला नव्या बाई आल्या. बिचाऱ्यांनी मला जीव लावून साबणाने घासलं, आणि दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकासमोर माझ्यातल्या भाताला फेस आला. "मला जेवायचंय हो, दाढी नाही करायची," तो म्हणाला. सगळं हॉटेल हसलं. ताईने त्या बाईंना जवळ बसवून समजावलं, "बाई, हा दगड आहे. जे पाजाल ते पितो, आणि तापला की परत देतो." बाईंनी कानाला हात लावले. भाऊ पुढे कित्येक दिवस खिडकीतून विचारायचा, "ताई, आज फेस आहे का?"

मित्रांनो, ते वाक्य मीही ऐकलं होतं. माझ्या बाबतीतलंच होतं.

वर्षं गेली. माझे भाऊ एकेक करून तडकले. मी राहिलो. राखाडीचा काळा झालो, काळ्याचा कुळकुळीत. लोक नाव घेऊन मागू लागले: "तो काळा वाडगा आहे का रिकामा?" पुढे ताईने चार नवे वाडगे आणले, पण त्यांना अजून तेलाचं बोट लागलेलं नव्हतं. ते माळ्यावर खोक्यातच पडून होते. "त्यांच्यात चव उतरायला दहा वर्षं जातील," ताई म्हणायची आणि माझ्यावर फडकं फिरवायची. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

महिन्यातून एकदा एक कुटुंब यायचं. आई, बाबा, आणि नऊ वर्षांची मुलगी. खुर्चीवर दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आईबाबा आमचं जेवायचे आणि भिंगरी घरून आणलेला डबा खायची. तिला तीळ चालत नव्हते. एक कण पोटात गेला तरी घसा सुजून श्वास कोंडायचा. आईच्या पर्समध्ये कायम एक तयार इंजेक्शन असायचं. भिंगरी डबा संपवायची आणि आमच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. काचेमागचा मासा तिला नको होता. तिला मी हवा होतो.

"हा का बोलतो?" तिने एकदा विचारलं.

"भूक लागते त्याला," ताई म्हणाली.

"मग मला पण याच्यातलं दे ना. मला कधीच चर्रवालं मिळत नाही. मी नेहमी डबेवाली."

ताईला मूल नव्हतं. "डबेवाली" हा शब्द तिला कुठे लागला ते मी पाहिलं. ती हात पुसत बाहेर टेबलापाशी गेली आणि आईला म्हणाली, "पुढच्या वेळी मी हिला वेगळं करून देऊ का? तिळाचा वासही लागू देणार नाही. माझी जबाबदारी."

आईने पर्स मांडीवर ओढून घेतली. "तुम्हाला कल्पना नाहीये," ती म्हणाली. "एक थेंब."

"एक थेंबही नाही."

पुढच्या महिन्यात ताईने खरोखरच जिवाचं रान केलं. त्या दिवशी तिने सकाळपासून तिळाची बरणी खोलीबाहेर काढून ठेवली. ओटा तीनदा पुसला. नवी सुरी, नवी कढई, नवा डाव, सोयाबीन तेलाची सीलबंद बाटली. भाज्या स्वतः धुतल्या. कोपरापर्यंत हात घासले.

"डॉक्टरीणबाई ऑपरेशनला निघाल्या," भाऊ खिडकीतून म्हणाला.

"तू तुझा मासा बघ."

मग वाडगा घ्यायची वेळ आली. माळ्यावर ते चार कोरे वाडगे होते. ताईने क्षणभर वर पाहिलंही. पण त्यांच्यात खरवड धरत नाही. इतकी वर्षं वाट बघितलेल्या पोरीला काय करपलेलं, चिकटलेलं द्यायचं? तिने मला उचललं. मी तिचा सगळ्यात चांगला वाडगा होतो. मला कढत पाण्याने दोनदा धुतलं आणि जाळावर ठेवलं.

मी तापलो. मित्रांनो, मला आवाज असता तर मी ओरडलो असतो, असं म्हणावंसं वाटतं. पण खरं सांगतो, तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी खुशीत होतो.

मला भिंगरीसमोर ठेवलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. "आई, बोलतोय बघ!" तिने कालवलं, फुंकर घातली, एक घास, दुसरा, आणि तिसरा खरवडीचा. ताई खिडकीत उभी होती. बाबा फोटो काढत होते.

"आई, जीभ टोचतेय," भिंगरी म्हणाली.

आई तिथल्या तिथे उभी राहिली. तिने इंजेक्शन दिलं. बाबांनी फोन लावला. भिंगरीला थोडं बरं वाटलं, ती पाणीही प्यायली. मग पुन्हा सुरू झालं. गाडी आली, तिला उचलून नेलं. मी टेबलावर होतो. माझ्यातला भात अजून चर्र चर्र करत होता, आणि हॉटेलात दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

भिंगरी तिसऱ्या दिवशी गेली.

तपासणीचे लोक आले. त्यांनी तांदूळ नेला, भाज्या नेल्या, तेलाची बाटली, डाव, सुरी, कढई, सगळ्याचे नमुने नेले. मी तोवर धुऊन पुसून फळीवर होतो. माझ्याकडे एकाने पाहिलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "छान आहे." वीस दिवसांनी कागद आला. कशातही तीळ सापडले नाहीत. हॉटेल निर्दोष. भावाने कागद दोनदा वाचला आणि डोळे पुसले. ताईने वाचला नाही. ती त्या दिवसापासून ओट्याशी आलीच नव्हती. मी फळीवर धूळ खात पडलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला तेल पाजलं नाही.

एक दिवस भिंगरीची आत्या आली. पोरीची पाण्याची बाटली आमच्याकडे राहिली होती, ती न्यायला. ताईने बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ती हातात देताना तिने विचारलं, "आई कशी आहे?"

"कसली आई," आत्या म्हणाली. "त्या दिवशी इकडे येताना गाडीत तिने पोरीला एक बिस्किट दिलं होतं. पुडा फेकून दिला. आता तुमचा कागद आला ना, मग राहिलं काय? बिस्किटच. ती म्हणते, मी मारलं तिला. जेवत नाही, रडतही नाही. आणि माझा भाऊ..." ती थांबली. "माझा भाऊ 'तसं नाही' म्हणत नाही. बोलतच नाही तिच्याशी."

आत्या गेली. मग दुपारी, हॉटेल बंद असताना, तिने स्वतःसाठी मूठभर भात करायला घेतला, महिनाभरात पहिल्यांदाच. हात सवयीने माझ्याकडे आला. तिने मला कोरडंच जाळावर ठेवलं आणि तांदूळ धुवायला वळली.

परत वळली तेव्हा मी घामेजलो होतो. माझ्या आतल्या अंगावर बारीक सोनेरी थेंब आले होते आणि खोलीभर तिळाचा वास सुटला होता. ताईने एक थेंब बोटावर घेतला. "साबण," ती म्हणाली. एवढंच. आणि खाली फरशीवर बसली.

भाऊ धावत आला. तिने त्याला दाखवलं. त्यालाही वास आला. त्याने उठून जाळ बंद केला.

"ताई, कागद आपल्या बाजूने आहे," तो म्हणाला.

"कागदाने ह्याला कुठे विचारलं?"

"पोरगी परत येणार आहे का तू सांगितल्याने? तू आत जाशील. हे सगळं बंद पडेल. माझी बायको, मुलं, भांडीवाल्या बाई, सगळ्यांनी काय करायचं?"

"तिकडे एक बाई त्या बिस्किटापायी मरतेय."

"आणि इकडे आपण मरू."

"तू नाही. सांगितलं मी होतं. माझी जबाबदारी म्हणाले होते, सगळ्यांसमोर."

"ताई, हात जोडतो."

त्याने खरंच हात जोडले. तिने ते हात धरून खाली केले, मला फडक्यात गुंडाळलं, एक लहान गॅसची शेगडी घेतली आणि निघाली.

भिंगरीच्या घराचं दार तिच्या बाबांनी उघडलं. घरात दिवसाही पडदे ओढलेले. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पुढ्यात काहीच नव्हतं. ताई म्हणाली, "मला पाच मिनिटं द्या. मग तुम्ही म्हणाल ते." बाबा दारातून बाजूला झाले. तिने शेगडी टेबलावर ठेवली आणि मला वर. रिकामा.

मी आयुष्यात हजारो वेळा तापलो. इतका सावकाश कधीच तापलो नव्हतो.

"मी सगळं नवं घेतलं होतं," ताई म्हणाली. "फक्त हा जुना. याला मी रोज तिळाचं तेल पाजत आले. याने साबण परत दिलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. माहीत असून मला सुचलं नाही."

थेंब आले. वास आला. आई वाकली, माझ्यावर जवळजवळ चेहरा आणून तिने तो वास घेतला, एकदा, पुन्हा एकदा.

"म्हणजे बिस्किट नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मी दिलेलं बिस्किट नव्हतं?"

"नाही हो. मी होते."

मग आई रडली. आत्या म्हणाली होती तशी ती आजवर रडलेलीच नव्हती. बाबा दाराशी उभे होते. ते चालत आले, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी कपाळ तिच्या खांद्याला टेकवलं. ताईने शेगडी बंद केली.

आईने मान वर केली. "तुम्ही गप्प राहिला असतात तर आम्हाला कळलं नसतं."

"हो."

"मी तुम्हाला माफ नाही करणार."

"नका करू."

"आता जा."

ताई गेली. मला नेता येत नव्हतं, मी फार तापलेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनेच कळवल्यावरून तपासणीचे लोक त्या घरी आले आणि त्यांनी मला पिशवीत घातलं. हॉटेल बंद झालं. खटला उभा राहिला. भाऊ आता दुसऱ्याच्या खानावळीत मासे कापतो आणि ताईशी बोलत नाही, असं मला कोर्टात न्यायला-आणायला येणारे शिपाई आपसात बोलतात. ताईने स्वतःच्या बचावाला एक शब्द काढला नाही, असंही म्हणतात.

मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे शहाणपण मागाल, कारण जुन्या वस्तूंनी शेवटी शहाणपण सांगायचं असतं. माझ्याकडे एवढंच आहे. तुमच्या घरी, तुमच्या दुकानात कोणी म्हणालं की मला अमुक चालत नाही, तर हसू नका, आणि प्रेमाच्या भरात घाईही करू नका. डबा बघा, डाव बघा, हात बघा. आणि मग जे भांडं तुम्हाला सगळ्यात लाडकं आहे, त्याच्यावर सगळ्यात आधी संशय घ्या. ताईने प्रेम कमी केलं नव्हतं. तिने फक्त माझ्यावर संशय घेतला नाही.

माझी स्वतःसाठी एकच विनंती आहे. खटला संपला की वस्तू परत देतात म्हणे. मला कोणी परत घेऊ नका. मी धुऊन निघणारा नाही. मला फोडा, आणि तुकडे अशा जागी पुरा जिथे चूल पेटणार नाही.