टाचेची हाक

थोरलीने सिंकवरचा नळ पूर्ण सोडला आणि धारेखाली बोट धरून उभी राहिली. धार चांगली जाडजूड होती, पण आवाज म्हणून नव्हता. तिने नळ बंद करून पुन्हा सोडला. मग खालचं कपाट उघडून आत डोकं घातलं आणि ओल लागते का म्हणून कोपऱ्याकोपऱ्यातून हात फिरवला. नळ, कपाटं आणि खिडक्या तपासल्याशिवाय घर बघितलं असं म्हणायचंच नाही, असं आईने निघताना बजावलं होतं. स्वतः मात्र ती आली नव्हती. "मी आले तर मला आवडणारच नाही, आणि मग तुम्ही मलाच बोल लावाल," असं म्हणून ती मोकळी झाली होती.

"ओल-बिल विसरा हो मॅडम," एजंट बाई दारातून म्हणाल्या. "या बिल्डिंगमध्ये तसलं काही नाही."

प्रत्येक खोलीत शिरताना एजंट बाई असा चेहरा करत, जणू त्या स्वतःही ती पहिल्यांदाच बघत होत्या. थोरलीला त्याचं हसू येत होतं, पण खोल्या होत्याच तशा. शहराच्या ऐन मध्यावर, शिकणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांसाठी मुद्दाम बांधलेली ही इमारत. तळमजल्यावर अभ्यासिका, वरती व्यायामशाळा, गच्चीवर बसायला बाक आणि कुंड्या. थोरली ज्या हॉस्पिटलच्या औषध विभागात लागली होती, ते इथून चालत जाण्यासारखं होतं. धाकट्याचं कॉलेज तर त्याच्याही अलीकडे. सध्या दोघांचा निम्मा जीव बसमध्ये जात होता. भाडं अंगावर येणारं होतं, पण थोडी ओढाताण केली तर जमत होतं.

धाकटा आतल्या खोलीतल्या टेबलाशी जाऊन बसलाही होता. दोन्ही कोपरं टेकवून, ताबा मिळाल्यासारखा.

"ताई, इथे ये ना. ऐक."

"काय ऐकू?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय."

आणि खरंच, कुठे काही नव्हतं. लिफ्ट नाही, शेजार नाही, खालचा रस्ता नाही. तिला एकदम खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दिवसभर औषधांच्या खिडकीच्या काचेआडून ओरडायचं, "जेवणानंतर घ्या, जेवणानंतर!" आणि घरी जाऊन पुन्हा ओरडायचं. त्यांच्या घरात सगळेच ओरडून बोलत. बाबांशी तसं बोलता बोलता एकमेकांशीही तसंच बोलायची खोड लागली होती. धाकटा परीक्षेच्या दिवसांत जिन्यात बसून अभ्यास करायचा. इथे कुणाला ओरडावं लागणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ते आपल्याला किती आवडलं हे कळल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

बाबा बाहेरच्या खोलीत मोठ्या खिडकीशी उभे होते. छापखान्यात मशीनवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. मशीन धडधडत राहिलं आणि कानांनी हळूहळू राजीनामा दिला. समोरच्याचे ओठ दिसले तर त्यांना बरंचसं कळायचं. बोलायचे ते स्वतः, पण आपला आवाज किती चढलाय याचा त्यांना अंदाज नसायचा. मघाशी खाली लॉबीत शिरल्या शिरल्या ते म्हणाले होते, "वा! केवढी ऐसपैस जागा आहे ही!" सोफ्यावरच्या दोन मुलांनी कानांवरचे हेडफोन बाजूला करून वर बघितलं होतं. थोरलीने चटकन तळहात खाली दाबला होता. हळू, बाबा. ते गप्प झाले ते झालेच. तेव्हापासून तो तळहात तिला टोचत होता.

ती जाऊन त्यांच्या बाजूला, त्यांना दिसेल अशी उभी राहिली. खाली गाड्यांची रांग अडली होती. एक ड्रायव्हर मान बाहेर काढून तोंड वासून शिव्या देत असावा.

"दुहेरी काच आहे," मागून एजंट बाई म्हणाल्या. "बाहेर बँड वाजला तरी इथे कळणार नाही."

थोरलीने ते बाबांना ओठांनी सांगितलं. बाबांनी एकदा त्या ड्रायव्हरकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मिश्किल हसले.

"म्हणजे आता तुम्हालाही माझ्यासारखंच दिसतंय म्हणा की!"

ते मोठ्यानेच म्हणाले. या वेळी तिने तळहात हलवला नाही. एजंट बाईंनाही हसू फुटलं. थोरलीला वाटलं, जमलं. आता स्वयंपाकघरावर शेवटची नजर टाकायची, बाबांचं मत विचारायचं आणि होकार देऊन टाकायचा.

ती ओट्याशी असतानाच एजंट बाईंचा फोन वाजला. बोलणं आटोपून त्या थोरलीकडे वळल्या.

"मॅडम, दुसरी पार्टी खाली आलीये. दोघी मैत्रिणी आहेत. त्यांना वर आणण्याआधी तुमचं काय ते सांगता का?"

"एक मिनिट. बाबांना विचारते."

बाबा पाठमोरे होते. थोरलीने डावी टाच उचलली आणि जमिनीवर आपटली.

त्यांच्या घरी हीच रीत होती. घर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, जमीन लाकडी फळ्यांची. टाच एकदा आपटली की "इकडे बघा", दोनदा म्हणजे "जेवायला चला", आणि लागोपाठ धडधडाट केला की दाराशी कुणीतरी आलंय. फळ्यांमधून ते बाबांच्या तळपायांपर्यंत पोहोचायचं. खालचा सायकलवालासुद्धा दोन टाचा ऐकून आपला डबा उघडायचा. ही सवय दोघा भावंडांच्या अंगात इतकी भिनली होती, की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पाठमोऱ्या साहेबांना बोलवायला थोरलीने सणकून टाच आपटली होती. "राग आला असेल तर तोंडाने सांगत जा," असं साहेब म्हणाले होते.

बाबा वळले नाहीत. तिने पुन्हा आपटली. या वेळी टाच झिणझिणली.

"अगं बाई, झुरळ?" एजंट बाई दोन पावलं मागे सरल्या.

"नाही हो," धाकटा आतून बाहेर येत म्हणाला. "ताई बाबांना हाक मारतेय."

"अशी? मग नाही कळायचं. फरशीखाली रबराचा जाड थर आहे. इथे कुणी दोरीवरच्या उड्या मारल्या तरी कुणाला पत्ता लागत नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि त्यात त्यांची काही चूकही नव्हती.

थोरलीने जाऊन बाबांच्या खांद्याला हात लावला. बाबा असे दचकले की त्यांचा हात काचेवर आपटला. घरी त्यांना मागून कुणी हात लावत नसे. आई पाहुण्यांनाही लावू देत नसे.

"हाक नाही का मारायची?" ते म्हणाले. आवाज मोठा होता, पण आत कुठेतरी तो दुखावलेला होता.

"मारली, बाबा." ती त्यांच्यासमोर आली. "दोनदा."

बाबांनी तिच्या पायांकडे बघितलं. मग फरशीकडे.

आणि थोरलीला सगळं लख्ख दिसलं. सुट्टीच्या दिवशी आईबाबा इथे येणार. बाबा या खिडकीशी बसणार. चहा झाला, कुणी आलं, काही दाखवायचं असलं, की प्रत्येक वेळी कुणीतरी मागून जाऊन त्यांना हात लावणार आणि ते दचकणार. दोन-चार सुट्ट्या ते निभावून नेतील. मग कधी गुडघे दुखतील, कधी घरी काही काम निघेल. तिला ते सहन होईना.

"त्या मुलींना दाखवा तुम्ही," ती एजंट बाईंना म्हणाली. "आम्हाला नको."

"ताई, अगं पण..."

"नको म्हटलं ना."

धाकटा वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्याने तो घातला नाही. आत जाऊन उघडा राहिलेला टेबलाचा खण त्याने सावकाश ढकलून बंद केला.

एजंट बाई मुरलेल्या होत्या. बाहेर अंधारून आलं होतं, त्यांनी भिंतीवरची बटणं एकामागून एक दाबली. "घेऊ नका, पण दिवे तर बघून जा," त्या म्हणाल्या. खोली उबदार, पिवळसर उजेडाने भरली.

"काय नको?" बाबांनी विचारलं. ओठांवरचा 'नको' त्यांना लांबूनही ओळखू यायचा, आयुष्यभर सगळ्यात जास्त तोच बघितला होता.

थोरलीने मान फिरवली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग आतल्या खोलीच्या दारात खाली मान घालून उभ्या असलेल्या धाकट्याकडे. आणि एकदम खाली वाकून ते बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"बाबा, काय करताय?"

त्यांना दिसलं नाही. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, जोडी भिंतीशी नीट लावली आणि अनवाणी उभे राहिले.

"घरी मी बूट घालून फिरतो का?" ते म्हणाले. "बुटांतून कशी येईल हाक? जा, स्वयंपाकघराच्या दारातून मार."

"बाबा, राहू द्या ना."

"जा म्हणतो ना. एकदा बघू तरी."

ते खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले, हात मागे बांधून. धाकटा श्वास रोखून त्यांच्या पाठीकडे बघत होता. एजंट बाईही फोन छातीशी धरून थांबल्या होत्या. थोरली स्वयंपाकघराच्या दारात गेली. तिथून तिला खिडकी समोर दिसत होती. काचेत आता रस्ता नव्हता, गाड्या नव्हत्या. आतलीच सगळी खोली तिथे उतरली होती: दिवे, दारातला धाकटा, आणि पलीकडे ती, डोक्यापासून पायांपर्यंत.

तिने टाच उचलली.

बाबा गर्रकन वळले.

"आली!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की खोली दणाणली. "आली की! चांगली खणखणीत आली. त्या बुटांमुळे अडली होती."

"बघ ताई! बघितलंस?" धाकटा टाळी वाजवून ओरडला. "कळलं त्यांना!"

"उगाच पोराचं तोंड उतरवलंस," बाबा थोरलीला म्हणाले. ते तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते, पायांकडे नाही. "सांग बाईंना. घेऊन टाका."

थोरलीची टाच अजून हवेतच होती. तिने ती हळूच, अजिबात आवाज न करता फरशीवर टेकवली.

"हो, बाबा," ती म्हणाली. त्यांना दिसेल असं, ओठ नीट हलवून.