झोपाळ्याचा अँगल

शकूच्या डोहाळजेवणाला झोपाळा हवाच होता. माझी एकुलती लेक, पहिलटकरीण, सातवा महिना. फुलं बांधलेल्या झोपाळ्यावर बसायचं आणि तिथून मला हुकूम सोडायचे, एवढीच तिची हौस.

चिंचवडला स्टेशनापलीकडं आमचं दोन खोल्यांचं घर तेव्हा नुकतंच उभं राहिलं होतं. आमचे हे पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्याच्या छपराचं काम करत आणि त्यांचा सगळा जीव लोखंडात. लाकडाची तुळई कोण शोधत बसणार, म्हणून त्यांनी खडकीच्या भंगारातून एक लांब अँगल आणला. अँगल म्हणजे काय, लांबच लांब पट्टी काटकोनात दुमडावी तसं लोखंड. एक पातं आडवं, एक उभं. आमचा गवंडी ज्योतीराम, त्यानं अँगलची दोन्ही टोकं समोरासमोरच्या भिंतींच्या खाचांत बसवली. आडवं पातं वर, मागच्या भिंतीकडं वळलेलं. उभ्या पात्याला भोकं पाडून झोपाळ्याच्या कड्या अडकवल्या.

ज्योतीराम बीडकडचा. घर आमचं, पण भिंतीवरून हात फिरवायचा तो लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. शकूच्या सासूबाई, अंबूबाई, चाकणजवळच्या आपल्या गावात नवं घर बांधणार होत्या आणि ते काम मी बोलून बोलून ज्योतीरामसाठी जवळजवळ पक्कं केलं होतं. बायकोपोरांना गावाहून आणायचं त्यानं त्याच भरवशावर ठरवलं होतं.

अंबूबाई दोन दिवस आधीच आल्या. झोपाळ्याची परीक्षा म्हणून आमचे हे फळीवर बसले. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. अँगल थोडा खाली वाकला, ते ठीकच. पण त्याबरोबर मागच्या भिंतीकडंही सरकला, पोट काढल्यासारखा. हे उठले की सरळ. बसले की पुन्हा भिंतीकडं.

"यशवंतराव, उठा," अंबूबाई म्हणाल्या. "भिताडं कललीत. लोखंड उताराला लागलंय."

ज्योतीरामचा चेहरा उतरला. "मावशी, असं बोलू नका. पाणसळ लावून दाखवतो." शिडीवर चढून त्यानं दोन्ही भिंतींवर पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध. मग ओळंबा सोडला. दोरी भिंतीला समांतर.

"त्यो बुडबुडा तुजाच, दोरी बी तुजीच," अंबूबाई म्हणाल्या. "मंग काय लोखंड आपसूक सरकतंय व्हय? माजी सून ह्यावर बसायची न्हाई. आन माज्या घराचं मंग बघू."

मंग बघू म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. ज्योतीराम शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "वहिनी, उद्या या दोन्ही भिंती वरून उतरवतो. पुन्हा बांधून देतो."

"डोहाळजेवण काय उघड्यावर करू?" मी म्हटलं. पण त्याच्याकडं बघवेना. आपली भिंत सरळ आहे हे माहीत असलेला माणूस ती पाडायला निघाला होता.

दुपारी मी तांदूळ निवडायला बसले. जुन्या टोपलीची एक चपटी कामटी सुटून आली होती. हाताला चाळा म्हणून तिचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं बोटानं खाली ढकलत बसले. आडवी धरली की मुकाट वाकते. कडेवर उभी धरली की वाकतच नाही. तिरकी धरली आणि सरळ खाली दाबली, तर खाली जाता जाता बाजूला निसटते. मी चार वेळा दाबली. माझं बोट सरळच होतं. सरकत होती ती कामटी, तिच्या मऊ, सहज वाकणाऱ्या अंगाकडं.

मी वर अँगलकडं पाहिलं. त्यात तिरकं काहीच नव्हतं. एक पातं आडवं, एक उभं, शाळामास्तरासारखं. तरी मनात आलं, लोखंडाला स्वतःचं मऊ अंग असेल तर लोखंड फिरवल्यावर तेही फिरेल. भिंत काही फिरणार नाही.

"ज्योतीराम, अँगल उलटा फिरव," मी म्हटलं. "या टोकाचं त्या टोकाला. आडवं पातं दाराकडं येऊ दे."

"त्यानं काय होईल?"

"मला काय माहीत? भिंती पाडण्यापेक्षा सोपं आहे."

खाचा अजून चुन्यानं भरल्या नव्हत्या, म्हणून बरं. ज्योतीराम आणि हे, दोघांनी मिळून अँगल फिरवला. फळीवर ज्वारीचं पोतं ठेवलं. अँगल वाकला आणि सरकला, पण या वेळी भिंतीकडं नाही, दाराकडं!

ज्योतीराम शिडीवरूनच हसला. अंबूबाईंनी पोत्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. "आता भिताडं हिकडं कललीत काय?" असं त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

तेव्हा मला ते तिरकं दिसलं. आडव्या पात्याची कड आणि उभ्या पात्याची कड मनातल्या मनात एका रेघेनं जोडली, तर अँगलच्या पोटात तिरकी कामटीच निजलेली होती. ताठ ती त्या रेघेच्या दिशेनं, मऊ तिच्या आडव्या अंगाला. वजन सरळ खाली येतं, पण त्याच्या समोर तिरकं अंग आहे. मग ते खालीही जाणार आणि बाजूलाही. यात भिंतीनं काय करायचं?

मी हे ह्यांना कामटी हातात देऊन सांगितलं. त्यांनी दोनदा दाबून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं, म्हणूनच! कारखान्याच्या छपरात आम्ही अँगल कधी एकटा घालत नाही. दोन घेतो, पाठीला पाठ लावून. मला वाटायचं जोर यावा म्हणून."

"जोरही येत असेल," मी म्हटलं. "पण एक इकडं सरकायला बघतो, दुसरा तिकडं. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. मग खाली वाकण्यावाचून उपाय नाही."

"संसारच की," शकू आतून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे खडकीहून तसाच दुसरा अँगल घेऊन आले. दोन्हींची उभी पाती एकमेकांना टेकवून बोल्ट आवळले. एकाचं आडवं पातं भिंतीकडं, दुसऱ्याचं दाराकडं. ज्योतीरामनं खाच रुंद केली, जोडी बसवली आणि पुन्हा पोतं आणायला निघाला.

"पोतं ठेव तितंच," अंबूबाई म्हणाल्या. "मी बसते."

अंबूबाई पोत्याहून जड होत्या, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही. त्या फळीवर बसल्या, दोन्ही कड्या घट्ट धरल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. ज्योतीराम हात मागं बांधून उभा. जोडी किंचित खाली आली. ना भिंतीकडं, ना दाराकडं. अंबूबाईंनी पायानं रेटा दिला, एक झोका घेतला. मग आणखी एक. चेहरा जरासा पोरीसारखा झाला.

"आत्याबाई, उतरा की आता," शकू दारातून म्हणाली. "डोहाळे मला लागलेत."

अंबूबाई सावकाश उतरल्या, पदर सारखा केला आणि ज्योतीरामजवळ जाऊन थांबल्या. मागच्या भिंतीवरून त्यांनी एकदा तळवा फिरवला, तो फिरवायचा तसाच.

"चाकणला येशील तवा ती बुडबुड्याची पट्टी घिऊन ये रं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं न्हाई तसली."